ऱ्हावाले नको, नांदाले जाय : खान्देशातून जर्मनीत निघणाऱ्यांसाठी

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मी माहेरी आले की ओट्यावर दोन-तीन जण तरी फाइल घेऊन बसलेले असतात. कुणाचा मुलगा जळगावच्या कॉलेजातून इंजिनीअर झालेला, कुणाची सून नर्सिंग करून जर्मनचे क्लास लावलेली. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून ओटा जास्तच भरतो. मी त्याच राज्यात, श्टुटगार्टच्या जवळ, २०१२ पासून राहते. माहेर चोपडा तालुक्यात. घरची केळी आणि कपाशी.

फायलीतले प्रश्न सगळे व्हिसाचे असतात. विद्यार्थ्याला खात्यात किती पैसे दाखवावे लागतात (२०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षाचे ११,९०४ युरो), कुठली भाषापरीक्षा लागते, एजंट खरा की खोटा. याची उत्तरं दूतावासाच्या संकेतस्थळावर मिळतात, तीच वाचावीत. विमानातून उतरल्यावर पुढची दहा वर्षं कशी काढायची, हे मात्र कुणी विचारत नाही.

मी निघाले तेव्हा आत्यानं एकच वाक्य सांगितलं होतं : "ऱ्हावाले नको जाऊ, नांदाले जाय." पाहुणा चार दिवस राहतो, बॅग पुरती उघडतही नाही. नांदायला आलेली बाई मिठाचा डबा कुठं असतो ते पहिल्याच दिवशी बघून ठेवते, माहेरी कसं होतं हे मोठ्यानं बोलत नाही, आणि तरी माहेर सोडत नाही. आपल्याकडच्या मुलींना हे धडे लग्नाआधीच मिळतात. मुलांना कुणी देत नाही, म्हणून परदेशात त्यांची जास्त तारांबळ उडते, असं माझं मत आहे. पुढचं सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे.

आधी कागद, मग कपडे

तुमचं नाव सगळीकडे एकसारखं आहे का ते बघा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि खाली आईचं. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात सलग. जर्मन कारकुनाला यातलं काहीच कळत नाही. तो शेवटचा शब्द आडनाव धरतो, आणि मग तुमच्या पदवीचा मालक एक आणि पासपोर्टचा दुसरा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी तर तारखेनिशी पुरावा जवळ ठेवावा. जन्मदाखलाही काढून बघा. आमच्या पिढीतल्या कितीतरी दाखल्यांवर नावाच्या जागी काहीच नाही, फक्त 'स्त्री'. ग्रामपंचायतीत जाऊन नाव लावून घ्या. पुढं तिथं लग्न, मूल किंवा नागरिकत्व यासाठी तो कागद लागतोच, आणि सात हजार किलोमीटरवरून ग्रामसेवकाला फोन करत बसणं हा काही आनंदाचा भाग नाही.

बँकेला कळवून साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं रुपयातलं खातं) करून घ्या. हा नियम आहे, सोय म्हणून सांगत नाही.

आता सातबारा. मुलगा परदेशी गेला की वर्ष-दोन वर्षांत शेजारचा बांधावरचा तुकडा विकायला निघतो, आणि घरचे म्हणतात, "पैसे तुझेच आहेत, तुझ्याच नावावर घेऊ." थांबा. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं आलेली ठेवता येते, नवी घेता येत नाही. घ्यायचीच असेल तर घरात जो शेतकरी आहे त्याच्या नावावर होऊ द्या, आणि आधी वकिलाला विचारा. माझे वडील गेल्यावर वारसनोंदीत माझंही नाव लागलं. बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही करायची की नाही, हे मी सांगणार नाही; पण परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री, जेवणं झाल्यावर समोर ठेवलेल्या कागदावर तरी करू नका.

बॅग

युरोपबाहेरून दूध आणि मांस यांचं काहीही नेता येत नाही. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, खवा नाही. ताज्या फळांना आणि भाज्यांना २०१९ च्या डिसेंबरपासून वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यातून फक्त पाच फळं सुटली आहेत : अननस, नारळ, खजूर, ड्युरियन आणि केळी. हे आमच्या काकांना सांगितलं तेव्हा त्यांची छाती फुगली : "म्हणजे माणसाला व्हिसा लागस, केळीले नही." खरं आहे. पण नेऊ नका, बॅगेत शिकरण होतं.

न्यायचं ते कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ, काळा मसाला, बिबडे (ज्वारीचे पापड) आणि शिट्टीचा कुकर. तांदूळ, डाळी तिथल्या भारतीय, तुर्की दुकानांत मिळतात. जाड स्वेटर जळगावात घेऊन जाऊ नका. जळगावच्या दुकानदाराची थंडीची कल्पना वेगळी.

पहिले पंधरा दिवस

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करायची, तिला आन्मेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाची सही असलेला एक कागद लागतो, त्याचं नाव इतकं लांब आहे की ते पाठ होईपर्यंत मुदत संपते. घर ठरवतानाच मालकाला विचारा, "नोंदीचा कागद देणार ना?" नाही म्हणाला तर ते घर तुमचं नाही. या नोंदीवर पुढचं सगळं अवलंबून : आयकराचा क्रमांक पोस्टानं याच पत्त्यावर येतो, बँक हाच पत्ता विचारते, आणि राहण्याचा परवाना ज्या परकीयांच्या कार्यालयातून मिळतो तेही.

आणि पत्रपेटीवर आडनाव लावा. त्याच दिवशी, कागदाच्या चिठ्ठीनं का होईना. तिथं पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं नाव वाचतो, नाव दिसलं नाही तर पत्र परत. माझ्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव महिनाभर तसंच होतं. मला वाटत होतं, जर्मन सरकार फारच संथ आहे. सरकार पत्रं पाठवत होतं. ती परत जात होती, आणि तिसऱ्या पत्रात दंडाची भाषा आली होती.

पत्र हा तिथला दैवी कारभार आहे. आलेलं प्रत्येक पत्र त्याच दिवशी उघडायचं, त्यातली तारीख शोधायची, भाषांतर करून घ्यायचं आणि फायलीला लावायचं. एक पत्र प्रत्येकाला येतं : रेडिओ-टीव्हीची वर्गणी, घरटी महिन्याला १८.३६ युरो. "माझ्याकडे टीव्हीच नाही" हे उत्तर चालत नाही. मी लिहून पाहिलं आहे. एका घरात चौघं राहत असाल तर एकानंच भरायची आणि बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा.

आरोग्य विमा सक्तीचा आहे, तो घेतल्यावर आजारी पडायची वाट न बघता जवळचा एक डॉक्टर आपला म्हणून ठरवून टाका. जीव धोक्यात असेल तर ११२, पोलिसांसाठी ११०, आणि रात्री-सुटीच्या दिवशी डॉक्टर हवा पण तितकं गंभीर नाही असं असेल तर ११६११७. आपला गाडीचा परवाना सहा महिने चालतो, नंतर लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा. इथं वीस वर्षं ट्रॅक्टर चालवला असेल तरी उजव्या बाजूनं चालवायची शिकवणी घ्या.

केर

माझ्या दारावर पहिल्या महिन्यात एक पाटी लटकलेली दिसली : केरवोखे. जर्मनमध्ये 'केरेन' म्हणजे झाडणं. आपला केर आणि त्यांचं केरेन यांचा काही संबंध आहे असा माझा दावा नाही, पण तो शब्द मला एकदाच ऐकून पाठ झाला. श्वाबिया म्हणजे श्टुटगार्टच्या भागातली ही जुनी रीत. इमारतीतलं एकेक बिऱ्हाड आळीपाळीनं आठवडाभर जिना, तळघराची वाट आणि दारासमोरचा फुटपाथ झाडतं. बर्फ पडला तर तो सकाळी लवकर बाजूला करतं. आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या दाराला.

मी पहिला आठवडा विसरले. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या पाळीला झाडलं, पण शनिवारी रात्री, कुणाला दिसणार नाही अशा वेळी, कारण कॉलेज शिकलेल्या मुलीनं जिना झाडावा हे माझ्याच मनाला खुपत होतं. घरी आई रोज पहाटे अंगण झाडून सडा घालते ते मात्र कधी खुपलं नव्हतं. तिसऱ्या वेळी मी सकाळी दहाला झाडू घेऊन उतरले. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई दार उघडून बघत उभ्या राहिल्या, मग आत गेल्या आणि मला कोपरे काढायचा छोटा ब्रश आणून दिला. आमची ओळख त्या ब्रशानं झाली. जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करायचा, हेही त्यांनीच शिकवलं. त्या भागात तो 'ग्र्युस गॉट' असा होतो, अर्थ साधारण 'देव तुम्हाला आशीर्वाद देवो'. आपल्या 'राम राम'च्या जवळचा, म्हणून मला तोंडात सोपा गेला.

कचऱ्याचे डबे चार-पाच असतात. कागदाचा वेगळा, ओल्याचा वेगळा, उरलेल्याचा वेगळा, वेष्टनांचं काय करायचं ते गावागणिक बदलतं. नगरपालिका छापील कॅलेंडर देते, ते फ्रिजवर लावा. पाण्याच्या एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीमागे आणि पेयाच्या कॅनमागे २५ सेंट अनामत असते; रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात घातल्या की परत मिळते. पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांचं दूध यावर निघतं.

रविवारी दुकानं बंद. शनिवारी रात्रीपर्यंत जे आणलं ते आणलं. आठवडे बाजार चुकला की काय होतं हे आपल्याला सांगायला नको, तोच हिशेब. रविवारी ड्रिल मारू नका, काचेच्या बाटल्या टाकायला जाऊ नका. रोज रात्री दहा ते सकाळी सहा आवाज नाही. भारतातून व्हिडिओ कॉल आला की आपण ओरडून बोलतो, कारण समोरून सगळं घर एकदम बोलत असतं. भिंती पातळ असतात. हेडफोन घ्या.

चूल

खिडक्या घट्ट बंद करून हिवाळाभर रांधलं तर भिंतीला बुरशी येते, आणि ती घर सोडताना अनामतीतून कापली जाते. दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या, हीटर बंद करून. जर्मन माणूस हे धर्मासारखं पाळतो. शेवभाजीची फोडणी घालण्याआधी ऑफिसचा कोट झोपण्याच्या खोलीत टांगून दार लावून घ्या. लोकरीच्या कोटाला काळ्या मसाल्याचा वास आठवडाभर राहतो, आणि ट्राममध्ये शेजारची जागा रिकामी का राहते हे कुणी तुम्हाला सांगणार नाही.

भरिताची गोष्ट वेगळी. तिथं मिळतं ते काळं-जांभळं, स्पंजासारखं वांगं. आपलं हिरवट-पांढरं, मोठं, कमी बियांचं जळगावचं भरीत वांगं (२०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं) तिथं स्वप्नातच. कपाशीच्या काड्यांचा जाळ नाही, गॅसही बहुतेक घरांत नाही. ओव्हनमध्ये भाजलेल्या वांग्याला धुराचा वास येत नाही. उपाय : मे ते सप्टेंबरमध्ये भरिताचा बेत बागेत करा. नगरपालिकेनं कोळशावर भाजण्यासाठी ठरवून दिलेल्या जागा असतात. तिथं जर्मन लोक सॉसेज भाजतात, त्याच निखाऱ्यावर आमची पाच किलो वांगी भाजली जातात. पहिल्या वर्षी लांबून बघत होते, आता आमच्या ऑफिसातले दोघं वांगी सोलायला बसतात. मिरची मात्र त्यांच्यासाठी वेगळी काढावी लागते.

केळ्यांवर इक्वेडोर नाहीतर कोलंबियाचा स्टिकर असतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी सुपरमार्केटात उभी राहून फणी उलटसुलट करून बघितली, घड कधी काढला असेल याचा अंदाज घेत. सावद्याच्या आणि रावेरच्या स्टेशनावर केळीचे वॅगन भरताना पाहिलेल्या माणसाला हे टाळता येत नाही. कर्मचारी विचारायला आला : काही तक्रार आहे का? तक्रार नव्हती. सालीची जाडी बघत होते.

बोली

भाषा शिका, आणि ती ऑफिसात इंग्रजी चालत असली तरी शिका. इंग्रजीवर नोकरी होते, नांदणं होत नाही. बी-१ ही भाषेची मधली पातळी गाठली की राहण्याच्या परवान्यांचे नियमही सोपे होतात : ब्लू कार्डवाल्याला (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) ए-१ या अगदी पहिल्या पातळीवर २७ महिन्यांनी कायमचा परवाना मागता येतो, बी-१ वर २१ महिन्यांनी.

पण क्लासात शिकवतात ती प्रमाण जर्मन. बाहेर पडलात की बेकरीवाली बोलते ती श्वेबिश, म्हणजे श्वाबियाची बोली. मला तीन महिने वाटत होतं, माझे कान गेलेत. या राज्याच्या सरकारनंच १९९९ पासून जाहिरात चालवली होती, तिचा मतलब : आम्हाला सगळं जमतं, फक्त प्रमाण जर्मन सोडून. ही ओळ वाचून मी हसले आणि मग जरा गप्प झाले. पुण्याच्या हॉस्टेलवर असताना घरून फोन आला की मी गच्चीवर जाऊन अहिराणी बोलायचे, खोलीतल्या मुली हसतात म्हणून. इथं एक अख्खं श्रीमंत राज्य आपली गावठी बोली छातीवर लावून फिरत होतं. शिवाय त्यांच्या बोलीत प्रत्येक शब्दाच्या शेपटीला 'ले' : घर 'हॉयसले', थोडंसं 'बिसले'. त्यांचं 'ले' लाडानं लहान करायचं, आपलं 'माले-तुले'चं, म्हणजे 'मला-तुला'चं. अर्थ वेगळे, पण कानाला ओळखीचं वाटायला तेवढं पुरलं. शेजारच्या आजीबाईंना मी सांगितलं की माझ्याकडेही घरची एक बोली आहे. त्या दिवसापासून त्या माझ्याशी प्रमाण जर्मन बोलायच्या थांबल्या. अवघड झालं, पण तो मान होता.

'तुम्ही' आणि 'तू' यांचा फरक आपल्याला आयता येतो. तिथं तो वयानं मोठ्यानं किंवा वरच्या पदावरच्यानं आधी मोडायचा असतो, आपण वाट बघायची.

हिवाळा

डिसेंबरात दिवस जेमतेम सव्वाआठ तासांचा. मे महिन्यात ४५ अंशांत वाढलेल्या माणसाला थंडी सोसते, अंधार सोसत नाही. दुपारी जेवणाच्या सुटीत बाहेर चाला, डॉक्टरांना ड जीवनसत्त्वाचं विचारा, आणि संध्याकाळी पाचला पडदे ओढून झोपून जायची सवय लावू नका.

फोन

हिवाळ्यात साडेचार तासांचं अंतर, उन्हाळ्यात साडेतीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते बदलतं आणि घरच्यांना दर वेळी नव्यानं सांगावं लागतं. मी ऑफिसातून सुटते तेव्हा हिवाळ्यात गावी रात्रीचे दहा वाजलेले असतात, आई झोपलेली. म्हणून मी सकाळी कामाला जाताना ट्राममधून करते, तेव्हा तिची भाजी निवडायची वेळ असते. पाच मिनिटं, रोज, काही विशेष नसताना. रविवारचा तासाभराचा कॉल ठेवला तर त्यात फक्त बातम्या येतात. रोजच्या पाच मिनिटांत म्हशीनं आज दूध कमी दिलं हे कळतं.

एक तिकिटाएवढी रक्कम वेगळी ठेवा, तिला हात लावू नका. पासपोर्ट आणि परवान्याच्या मुदती फोनमध्ये लावून ठेवा आणि परवाना संपण्याच्या दोन-तीन महिने आधी नव्यासाठी अर्ज करा. मुदतीत अर्ज केला असेल तर निकाल लागेपर्यंत राहणं वैध राहतं. माझे वडील जानेवारीत गेले. अंत्यविधी चुकला, गंधमुक्तीला पोचले. तेव्हा माझा परवाना चालू होता आणि पैसे बाजूला होते, म्हणून निदान तेवढं झालं. आईजवळ जास्त राहायचं मनात होतं, पण साधारणपणे सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिलं तर परवाना आपोआप संपतो. ब्लू कार्डवाल्यांना बारा महिने मिळतात. हा हिशेब दुःखात सुचत नाही, आधी माहीत असावा.

दोन्हीकडचा एकच प्रश्न

गावात शिरलं की पहिला प्रश्न "कवय उनी?" (कधी आलीस?) आणि दुसरा, पाणी प्यायच्या आत, "कवय जाशी?" (कधी जाणार?) सुरुवातीला तो फार लागायचा. जर्मनीतही तेच : कुठून आलात, आणि परत कधी जाणार? दहाव्या वर्षी एका समारंभात हे विचारणाऱ्या गृहस्थांना मी म्हणाले, "या आठवड्यात तरी नाही, माझी केरवोखे आहे." ते हसले आणि विषय संपला. गावातल्या बायकांना मात्र मी दिवस मोजून तारीख सांगते. त्यांच्या त्या प्रश्नात हाकलणं नसतं; आखाजीला आलेल्या प्रत्येक लेकीला तो विचारतात, म्हणजे त्या दिवसाआधी पुरणाचा बेत ठरवता येतो.

नागरिकत्वाचं ओट्यावर हमखास निघतं. जर्मनीनं जून २०२४ पासून पाच वर्षांनंतर अर्जाची मुभा दिली आणि जुनं नागरिकत्व ठेवायलाही हरकत घेतली नाही. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की भारतीय जमा करावा लागतो आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं) काढावं लागतं. त्यावर येणं-जाणं, राहणं होतं, मतदान होत नाही. भारतीय पासपोर्ट ठेवला तर मतदार म्हणून नाव लावता येतं, पण मत द्यायला गावच्या केंद्रावर स्वतः यावं लागतं. वडिलोपार्जित शेत दोन्हीकडून राहतं, त्याची भीती कुणी घातली तर ऐकू नका. मी अजून अर्ज केलेला नाही. फॉर्म भरून ठेवला आहे, कपाटात आहे. दरवर्षी आखाजीहून परत गेल्यावर काढते आणि ठेवते. तुम्ही घाई करू नका, आणि जो करतो त्याला नावंही ठेवू नका.

परतीच्या बॅगेचं तेवढं राहिलं. कळण्याचं पीठ घरच्या चक्कीवरून आणून साध्या पिशवीत बांधाल तर विमानतळावर ती पिशवी उघडणारच. पांढरट पीठ, नाव नाही, गाव नाही. चक्कीवाल्याकडूनच सीलबंद करून घ्या आणि वर इंग्रजीत व जर्मनमध्ये 'पीठ' असं लिहा. बिबडे दोन ताटांच्या मध्ये घालून कपड्यांच्या मधल्या थरात ठेवा. वजन घरीच करा. आमच्याकडे कपाशीचा काटा आहे, त्यावर २३ किलोची बॅग ठेवतात, आणि आई २२ झाले की हळूच एक पुडी वर ठेवते.